१९९९ सालच्या शिक्षेचं रजिस्ट्रेशन अजून चालू आहे. कॅलिफोर्नियात नाव कमी करून घेता येतं का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. हा धागा काढावा की नाही, यात आठ दिवस गेले. घरात याविषयी कुणी बोलत नाही आणि ओळखीतल्या कुणाला विचारायची सोय नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

प्रश्न माझ्या मोठ्या भावाचा आहे. दादा १९९० मध्ये एम. एस. करायला अमेरिकेत आला, १९९७ मध्ये त्याला ग्रीन कार्ड मिळालं. १९९९ मध्ये ऑफिसच्या एका पार्टीनंतर त्यानं बरोबर काम करणाऱ्या एका बाईच्या अंगाला नको तिथे हात लावला. तिनं तक्रार केली. सरकारनं दिलेल्या वकिलानं सांगितलं, कबूल कर, मिसडिमीनर म्हणजे हलक्या दर्जाचाच गुन्हा आहे, महिन्याभरात बाहेर येशील. कॅलिफोर्निया पीनल कोडचं कलम २४३.४, सेक्शुअल बॅटरी. ३० दिवस काउंटी जेल आणि ३ वर्षं प्रोबेशन. त्या एका चुकीपायी सगळं आयुष्य उलटंपालटं झालं. लग्न मोडलं, नोकरी गेली, दहा वर्षं तो एका गोदामात हिशेब लिहीत होता.

कबुलीच्या कागदावर आणखी एक ओळ होती: लैंगिक गुन्हेगार म्हणून आयुष्यभर नोंदणी. आम्हाला वाटलं होतं, कुठेतरी नाव लिहून ठेवतील आणि संपलं. ती ओळ म्हणजे काय, हे मला गेल्या नोव्हेंबरात कळलं. दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, गाडी चालवता येत नव्हती, म्हणून मी त्याला पोलीस ठाण्यावर घेऊन गेले. दर वर्षी वाढदिवसाच्या आगेमागे पाच कामाच्या दिवसांत तिथे जावं लागतं. काचेपलीकडे पंचविशीतला एक मुलगा बसला होता, म्हणजे दादावर केस झाली तेव्हा तो जन्मला असेल-नसेल. त्यानं फॉर्म सरकवला. एकेका नियमासमोर छोटी रेघ, तिथे आपली आद्याक्षरं टाकायची. दादा वाचतही नव्हता. कुठल्या ओळीनंतर पान उलटायचं हे त्याच्या हाताला पाठ आहे. मग फोटो, मग अंगठा. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पुण्याहून आई. ती दर वर्षी त्याच्या फोटोला ओवाळते आणि मग फोन करते. दादा म्हणाला, "आई, मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो." गाडीत बसल्यावर मला म्हणाला, "पंचवीस वर्षं माझी वाढदिवसाला मीटिंग असते."

आता मुद्द्यावर येते. आई ८६ वर्षांची आहे. दादा १९९९ नंतर भारतात गेलेला नाही. गेलो तर परत येऊ देणार नाहीत, या भीतीनं त्यानं नागरिकत्वाचाही अर्ज केला नाही. गेल्या महिन्यात त्याच्या टेबलाच्या खणात मला एक पत्र सापडलं. पोलिसांनी ते बहुतेक २०२१ मध्ये त्याच्या हातात दिलं होतं. त्यात 'टिअर वन' असं लिहिलंय. त्याला विचारलं तर म्हणाला, "ते काहीतरी वर्गवारीचं आहे, आपल्याला काय फरक पडतो, आयुष्यभर म्हणजे आयुष्यभर."

खरंच फरक पडत नाही का? इतक्या जुन्या शिक्षेची नोंदणी कधी संपते की नाही? मधे २००६ मध्ये घर बदललं तेव्हा पत्ता कळवायला त्याला नऊ दिवस उशीर झाला आणि त्याबद्दलही एक मिसडिमीनर लागलं, तेही सांगून ठेवते. लोकांसाठीच्या वेबसाइटवर त्याचं नाव दिसत नाही, पोलिसांच्या यादीत मात्र आहे. दादा आता सॅक्रामेंटोजवळ राहतो, केस सॅन होजेला झाली होती. धाकट्या बहिणीचं म्हणणं आहे की त्यानं कॅलिफोर्निया सोडून तिच्याकडे पेनसिल्व्हेनियाला यावं. आणि सगळ्यात आधी, तो आईला भेटायला जाऊ शकतो का?

राजाभाऊ_एच

ताई, काळजी करू नका. २५-२६ वर्षं झाली म्हणजे हे आपोआप संपलेलं असणार. माझ्या एका मित्रानं त्याची जुनी केस एक्स्पंज करून घेतली, हजार-बाराशे डॉलर लागले, सगळं साफ. तुम्हीही तेच करा. आणि ज्या काळात टिअर वगैरे नव्हतेच, त्या काळातल्या माणसाला नवीन कायदा कसा लागेल?

शुभांगी_का

राजाभाऊ, तुम्ही मनापासून लिहिलंत, पण तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत आणि यातल्या पहिल्या गोष्टीवर विश्वास ठेवून मी माणसं तुरुंगात गेलेली पाहिली आहेत. म्हणून सविस्तर लिहिते. मी कॅलिफोर्नियात १७ वर्षं फौजदारी वकिलांकडे पॅरालीगल आहे. वकील नाही. जे टेबलावर रोज येतं ते सांगते.

आपोआप काहीही संपत नाही. कॅलिफोर्नियात ही नोंदणी १९४७ पासून आहे, राज्यभराची यादी करणारं हे देशातलं पहिलं राज्य, आणि २०२१ पर्यंत नियम एकच होता: सगळ्यांना आयुष्यभर. २०१७ मध्ये एसबी ३८४ नावाचा कायदा मंजूर झाला आणि १ जानेवारी २०२१ पासून तीन टिअर आले. पहिल्यात किमान १० वर्षं, दुसऱ्यात किमान २० वर्षं, तिसऱ्यात आयुष्यभर. हा 'किमान' शब्द लोक वाचत नाहीत. दहा वर्षं झाली की नाव गळून पडत नाही. दहा वर्षं झाली की कोर्टाकडे मागायचा हक्क मिळतो. न्यायाधीशाच्या सहीचा आदेश हातात येईपर्यंत काउंटरवर जायचंच. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, बातमी वाचून त्यांनी एक वर्ष जाणं बंद केलं. वीस वर्षांत एकही दिवस चुकवला नव्हता. जे संपत आलं होतं तिथेच नवीन गुन्हा दाखल झाला.

एक्स्पंज म्हणतात ते कलम १२०३.४. त्यानं नोकरीच्या अर्जात थोडा फायदा होतो. नोंदणीचं बंधन त्यानं सुटत नाही, हे कायद्यातच लिहून ठेवलंय. दर महिन्याला कुणीतरी हजार-दोन हजार देऊन ते करून येतं आणि मग माझ्यासमोर बसून विचारतं की आता पोलीस का बोलावतात.

आणि जुन्याला नवीन कायदा कसा लागतो, हा प्रश्न अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात २००३ मध्ये गेला होता. अलास्काची केस, स्मिथ विरुद्ध डो. सहा विरुद्ध तीन मतांनी कोर्ट म्हणालं, नोंदणी ही शिक्षा नाही, ती लोकांच्या सुरक्षेसाठी केलेली दिवाणी तरतूद आहे. शिक्षाच नाही म्हटल्यावर, मागच्या तारखेनं शिक्षा वाढवायची नाही हा घटनेतला नियम इथे आड येत नाही. त्यानंतर २००६ मध्ये नोंदणीबद्दलचा ॲडम वॉल्श हा फेडरल कायदा आला, आणि २८ फेब्रुवारी २००७ ला अटॉर्नी जनरलनी नियम काढला की हा त्याआधीच्या शिक्षांनाही लागू आहे. मला हा तर्क पटत नाही. दर वर्षी अंगठा द्यायला लावणं आणि चुकलं तर जेलमध्ये टाकणं ही शिक्षा नाही, हे माझ्या गळी उतरत नाही. पण माझ्या पटण्यावर कुणाच्या भावाचं नाव निघत नाही, त्यामुळे आहे त्या कायद्यात वाट शोधायची.

कृष्णाकाठ ताई, तुमच्या दादाला वाट आहे. आणि ती २०२१ पासून उघडी आहे.

मिसडिमीनर सेक्शुअल बॅटरी म्हणजे टिअर वन, ते पत्र बरोबर आहे. १० वर्षं जेलमधून सुटल्यापासून मोजतात, म्हणजे २००९ च्या आसपास पुरी झाली. २००६ च्या उशिराबद्दल मिसडिमीनर लागलं, त्याचं एक वर्ष वाढतं. फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, असती तर तीन वाढली असती. तरीही केव्हाच उलटून गेलं. अर्ज १ जुलै २०२१ नंतरच्या वाढदिवशी किंवा त्यानंतर कधीही करता येत होता. मात्र अर्जाच्या वेळी तो कोठडीत, पॅरोलवर किंवा प्रोबेशनवर नको आणि मुदत वाढवणारी दुसरी केस चालू नको. या सगळ्या अटी तो पुऱ्या करताना दिसतोय.

फॉर्मचा नंबर सीआर-४१५. तो आता जिथे राहतो त्या काउंटीच्या सुपीरियर कोर्टात भरायचा, जिथे केस झाली तिथे नाही. यात बरेच जण घोळ घालतात. पण प्रती मात्र दोन्हीकडे द्यायच्या: आत्ताच्या काउंटीचे डीए, म्हणजे सरकारी वकील, आणि जिथे तो नोंदणी करतो ते पोलीस, शिवाय सॅन होजे ज्या काउंटीत येतं तिथले डीए आणि पोलीस. नोंदणी चालू असल्याचा पोलिसांचा दाखला अर्जाला जोडावा लागतो. तो काउंटरवर तोंडी मागितला तर पुढच्या आठवड्यात या म्हणतात, म्हणून लेखी मागा. पोलिसांना कळवायला ६० दिवस असतात, त्यानंतर डीएला हरकत घेऊन सुनावणी मागायला ६० दिवस. हरकत आली नाही आणि अटी पुऱ्या असतील तर कोर्ट अर्ज मंजूर करतं, उभंसुद्धा राहावं लागत नाही.

हरकत आली तर न्यायाधीश काय बघतात, हे दादाला आत्ताच माहीत असू द्या. मूळ गुन्ह्यात नेमकं काय झालं. ज्यांच्यावर झाला त्यांचं वय, त्या किती जणी. ओळखीची व्यक्ती होती की चोवीस तासांपेक्षा कमी ओळख होती. आधीची आणि नंतरची वागणूक. पुन्हा गुन्हा न करता किती काळ गेला. उपचार कार्यक्रम पुरा केला का. आज धोका किती. दादाचा २६ वर्षांचा कोरा कागद, त्यावर २००६ चा एक डाग, हे मी तरी चांगलं समजेन. नाकारलंच तर पुन्हा कधी अर्ज करायचा ते कोर्ट ठरवून देतं, एक ते पाच वर्षांच्या आत.

भारताचं मी वेगळं लिहिते, कारण इथे घाई करू नका.

दादा नागरिक नाही, ग्रीन कार्डवर आहे. म्हणजे परत येताना विमानतळावर त्याची जुनी शिक्षा नव्यानं तपासली जाऊ शकते. छोट्या शिक्षांसाठी कायद्यात अपवाद आहे आणि त्याच्या शिक्षेचा आकडा त्यात बसेलही, पण ते मी किंवा या धाग्यावरच्या कुणी सांगायचं नाही. इमिग्रेशन आणि फौजदारी दोन्ही जाणणाऱ्या वकिलाला १९९९ चे कोर्टाचे मूळ कागद दाखवल्याशिवाय तिकीट काढू नका. कबुली देताना वकिलानं इमिग्रेशनचं काही सांगितलं होतं का, तेही त्याला विचारा. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टानं पाडिया केसमध्ये सांगितलं की हे सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे, पण २०१३ मध्ये शायडेझ केसमध्ये म्हटलं की आधीच्या जुन्या शिक्षांना त्याचा फायदा नाही. कॅलिफोर्नियानं मात्र २०१७ पासून स्वतःचं कलम ठेवलंय, १४७३.७. इमिग्रेशनचे परिणाम न कळता कबुली दिली असेल तर ती शिक्षाच रद्द मागता येते. सगळ्यांचं होत नाही. विचारून बघायचं.

नोंदणी चालू असताना परदेशी जायचं तर फेडरल नियमानं २१ दिवस आधी नोंदणी करणाऱ्या पोलिसांना कळवायचं. विमान, तारखा, उतरण्याचं ठिकाण. कळवल्याची पोच घ्या. पासपोर्टवर शेरा मारण्याचा जो २०१६ चा कायदा आहे तो अल्पवयीन मुलांवरच्या गुन्ह्यांसाठी आणि अमेरिकन पासपोर्टसाठी. तुमच्या दादाला तो लागत नाही.

नीलमोहोर

शुभांगीताईंनी कॅलिफोर्नियाचं सांगितलं, मी पेनसिल्व्हेनियाचं सांगते. माझ्या नवऱ्याची शिक्षा २००३ ची. काय, कुठे, ते लिहीत नाही. नोंदणी १० वर्षांची होती. स्वयंपाकघरात कॅलेंडरवर मी दर महिन्याला एक फुली मारत असे. २०१२ च्या डिसेंबरात, म्हणजे शेवटचे काही महिने उरले असताना, राज्य पोलिसांचं पत्र आलं: नवीन कायदा २० डिसेंबरपासून लागू, तुमची मुदत आता २५ वर्षं. वर्षातून एकदा जायचं ते सहा महिन्यांनी एकदा. त्या दिवशी त्यानं पत्र वाचलं, घडी घातली, आणि बाहेर जाऊन बर्फ काढत बसला. दोन इंच बर्फ होता, तास-दीड तास काढत होता.

मग २०१७ च्या जुलैमध्ये आमच्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाचा म्युनिझ निकाल आला. त्या माणसाला २००७ मध्ये दोषी ठरवलं होतं, तेव्हा १० वर्षांची नोंदणी होती, ती नंतरच्या कायद्यानं आयुष्यभराची केली. कोर्ट म्हणालं, ही शिक्षाच आहे आणि मागच्या तारखेनं लावता येणार नाही. पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, विधिमंडळानं जुन्या लोकांसाठी वेगळं प्रकरण केलं, २२ एप्रिल १९९६ ते २० डिसेंबर २०१२ मधल्या गुन्ह्यांसाठी. त्यात पुन्हा १० वर्षं किंवा आयुष्यभर. नवऱ्याचं नाव त्यानंतर निघालं. पण २०२० मध्ये त्याच कोर्टानं सांगितलं की हे नवं प्रकरण शिक्षा नाही, ते चालेल. म्हणजे ज्यांना त्यात आयुष्यभर लागलं ते तिथेच राहिले.

एवढं लांबण लावलं कारण तुमची बहीण म्हणतेय की दादानं इकडे यावं. ताई, आत्ता नको. एका राज्यातून दुसऱ्यात गेलं की हिशेब नव्यानं मांडतात. इकडचा गुन्हा तिकडच्या कुठल्या कलमाशी जुळतो हे तिकडचे पोलीस ठरवतात, आणि तिकडे वर्षं जास्त असली तर जास्त. फ्लोरिडात तर माणूस राज्य सोडून गेला तरी त्यांच्या वेबसाइटवर नाव राहतं. मिशिगनची गोष्ट आणखी वेगळी, तिथले वाढीव नियम जुन्या लोकांना लावणं २०१६ मध्ये फेडरल अपील कोर्टानं चूक ठरवलं आणि तरीही पुढे कित्येक वर्षं भांडण चाललं. दादाचं कॅलिफोर्नियातलं नाव आधी कमी करून घ्या, तो कागद हातात घ्या, मग जिथे जायचं तिथल्या वकिलाला तो कागद दाखवून विचारा. आमच्या ओळखीत एक जण मुलाजवळ राहायला म्हणून गेला आणि जिथे बंधन संपत आलं होतं तिथून जिथे आयुष्यभराचं आहे तिथे जाऊन पडला.

अबोली७२

मी हा धागा तीन वेळा बंद करून पुन्हा उघडला. मी पलीकडच्या बाजूची आहे. माझ्यावर एकविसाव्या वर्षी असंच झालं होतं, ओळखीच्या माणसाकडून. मी तक्रार केली नाही. तुमच्या दादावर जिनं केली, तिला ते किती जड गेलं असेल ते मला कळतं. १९९९ मध्ये, ऑफिसात, सगळे त्याच्या बाजूचे असताना.

तुमच्या दादाचं नाव राहावं असं माझं म्हणणं नाही. २६ वर्षं तो दर वर्षी जाऊन उभा राहिला, पुन्हा असं काही केलं नाही, तर त्यानं मागावं आणि कोर्टानं द्यावं, असं मला वाटतं. पण तुम्ही लिहिलंत, 'त्या एका चुकीपायी'. ताई, चूक म्हणजे भाजीत मीठ जास्त पडणं. तुम्ही त्या बाईबद्दल एक ओळ लिहिली आणि दादाच्या नोकरीबद्दल, लग्नाबद्दल, गुडघ्याबद्दल इतकं लिहिलंत. तो तुमचा भाऊ आहे, मला समजतं. पण अर्जात तोही असंच लिहिणार असेल तर न्यायाधीशालाही ते दिसेल.

आणखी एक मागणं आहे. कृपा करून तिला शोधू नका. माफीचं पत्र नको, कुणाकरवी निरोप नको. माझ्याकडे एकदा असा निरोप आला होता, दिवाळीच्या फराळाच्या डब्याबरोबर. मी डबा तसाच कचऱ्यात टाकला आणि त्यानंतर दोन महिने दाराची घंटा वाजली की अंग गार पडायचं.

राजाभाऊ_एच

शुभांगीताई, मी ऐकीव गोष्टी लिहिल्या, माफ करा. माझा पहिला प्रतिसाद तसाच ठेवतो, म्हणजे खाली तुम्ही का लिहिलंत ते वाचणाऱ्याला कळेल. माझ्या मित्रालाही हा धागा पाठवतोय. त्यानंही जाणं बंद केलं असेल अशी मला आता भीती वाटते.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार कसे मानू? उत्तर द्यायला वेळ लागला, कारण दादाला हा धागा दाखवला. मी आधी वर्णन करून सांगणार होते, पण मग फोन त्याच्या हातातच दिला आणि चहा करायला गेले.

अबोली, तुमचं लिहिणं त्यानं दोनदा वाचलं. मला म्हणाला, "तू चूक का लिहिलंस? मी कोर्टात गुन्हा म्हणून कबूल केलंय." मला उत्तर देता आलं नाही. घरात आम्ही सव्वीस वर्षं 'ते प्रकरण' म्हणतो, आई 'त्याचे वाईट दिवस' म्हणते. तिचं, त्या बाईचं, नाव मी एकदाही उच्चारलेलं नाही. आजही लिहीत नाही, पण आता वेगळ्या कारणासाठी. तिला कुणी शोधणार नाही, हा माझा शब्द.

दादानं त्याच संध्याकाळी वहीत लिहायला घेतलं, अर्जाबरोबर जोडायचं निवेदन. मराठीतच लिहीत होता, इंग्रजी नंतर करू म्हणाला. पहिली ओळ अशी: "त्या रात्री मी प्यायलो होतो, पण मी काय करतोय हे मला कळत होतं." मी म्हटलं, हे कशाला, वकील काढून टाकेल. म्हणाला, "काढू दे, मी लिहितो." तीन पानं झाली आहेत.

शुभांगीताई, काही प्रश्न उरलेत. १९९९ चे मूळ कागद आमच्याकडे नाहीत, फक्त एक पिवळा पाकीटभर वार्षिक पावत्या आहेत, त्यातल्या २००३ आणि २००४ च्या सापडत नाहीत. त्यानं अडेल का? आणि अर्ज आत्ता भरला तर या नोव्हेंबरात जायचं की नाही?

शुभांगी_का

पावत्या नसल्या तर अडत नाही, पोलिसांकडे आणि राज्याच्या न्याय खात्याकडे नोंद असते. तरी आहेत त्या तारखेनं लावून त्यांच्या प्रती काढून ठेवा. केसचे कागद जिथे शिक्षा झाली त्या सुपीरियर कोर्टाच्या क्लार्ककडे मागायचे. इतक्या जुन्या मिसडिमीनरची फाइल कधी कधी नष्ट केलेली असते. तसं असेल तर 'फाइल उपलब्ध नाही' असं त्यांच्याकडून लेखी घ्या, इमिग्रेशनच्या वकिलाला तेही लागतं. शिवाय दादाच्या बोटांचे ठसे देऊन राज्याकडून त्याचा स्वतःचा गुन्हेनोंदीचा उतारा मागवा. त्यात १९९९ चं कलम कुठल्या उपकलमासकट चढवलंय ते बघा. उपकलम चुकीचं चढलं तर टिअर चुकतो, अर्ज भरण्याआधी ते कळलेलं बरं. वकील परवडत नसेल तर तिथल्या पब्लिक डिफेंडरच्या, म्हणजे सरकारनं दिलेल्या बचावाच्या वकिलांच्या, कचेरीत फोन करून विचारा, बऱ्याच काउंटींमध्ये हे अर्ज ते करून देतात.

निवेदन वकिलाला दाखवल्याशिवाय कोर्टात देऊ नका. सल्ला नीट घेऊन द्या, कारण दादा नागरिक नाही आणि लिहिलेलं प्रत्येक वाक्य इमिग्रेशनच्या फाइलमध्येही जाऊ शकतं. पण ती पहिली ओळ वकिलाला जशीच्या तशी वाचायला द्या.

आणि हो, या नोव्हेंबरात जायचं. अर्ज भरलेला असला तरी, सुनावणीची तारीख पुढच्याच आठवड्यात असली तरी. वाढदिवसाच्या आगेमागे पाच कामाचे दिवस धरताना थँक्सगिव्हिंगची सुट्टी मोजायची नाही, मागच्या वर्षी माझ्याकडच्या एकाचं तिथेच चुकत होतं. पावती घ्या आणि त्या पिवळ्या पाकिटात ठेवा.

कृष्णाकाठ

जाऊ. मी पुन्हा गाडी चालवत नेते. आईला या वेळी सकाळीच फोन करायला सांगितलंय, ठाण्यावर जायच्या आधी.